नाणी कशात ठेवायची, कुठे मांडायची: होल्डरपासून काचपेटीपर्यंत

संग्रहात आलेलं नाणं खराब होतं ते बहुतेकदा ज्यात ठेवलं त्याच वस्तूमुळे. हातोहात फिरताना ते झिजतं हे खरं. पण हिरवा चिकट थर, काळे ठिपके, शिशावरची पांढरी भुकटी, चेहऱ्यावरचे बारीक ओरखडे हे सगळं नंतर येतं, आणि येतं ते पाकीट, अल्बम, नमदा किंवा लाकडी पेटी यांच्या वाटेने. म्हणून होल्डर, म्हणजे नाणं ज्यात ठेवतो ते पाकीट, पुठ्ठा किंवा डबी, दिसायला कसा आहे हा प्रश्न शेवटचा. आधी नाण्याचा धातू पाहायचा, मग होल्डर कशाचा बनलाय ते, मग ते नाणं आपण किती वेळा बाहेर काढणार ते. शोभेचा विचार त्यानंतर. हा क्रम उलटा केला की सगळं सामान दोनदा विकत घ्यावं लागतं.

दुसरी गोष्टही सुरुवातीलाच ठरवून टाका. साठवण आणि मांडणी ही दोन वेगळी कामं आहेत. संग्रहाचा मोठा भाग कोरड्या, बंद, अंधाऱ्या जागी राहू द्यावा आणि दहा-पंधरा नाणी आळीपाळीने काचेमागे यावीत. सगळा संग्रह कायम डोळ्यांसमोर हवा असा हट्ट धरला, तर धूळ, दमटपणा आणि चोर या तिघांशी एकाच वेळी सामना करावा लागतो.

पहिली पायरी: धातूनुसार वेगळे ढीग करा

देश, काळ, मालिका हे वर्गीकरण वहीत करा. साठवणीसाठी मात्र पहिली वाटणी धातूची, कारण प्रत्येक धातूचा शत्रू वेगळा.

चांदी काळी पडते ती गंधकामुळे. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूंचा अगदी थोडा अंशही पुरतो आणि पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो: आधी पिवळट, मग तपकिरी-निळसर, मग काळा. हे वायू येतात रबरातून, लोकरीतून, नमद्यातून, वर्तमानपत्राच्या कागदातून, हलक्या दर्जाच्या पुठ्ठ्यातून. नाण्यांच्या पुडीला रबरबँड लावला तर रबर जिथे टेकलं तिथे बरोबर काळा पट्टा उमटतो, आणि पुडीचा कागद मध्ये असला तरी उमटू शकतो.

तांबं, पितळ आणि कांसं यांचं वैर क्लोराइड आणि ओलाव्याशी. जमिनीतून निघालेल्या जुन्या नाण्यांवरचं जंगाल, म्हणजे तांब्याच्या गंजाचा थर, दोन जातींचं असतं आणि हा फरक ओळखता आलाच पाहिजे. गडद हिरवं किंवा तपकिरी, एकसारखं, कठीण, किंचित तकतकीत जंगाल स्थिर असतं. ते नाण्याचं संरक्षणच करतं, त्याला हात लावू नका. फिकट हिरवी, पिठासारखी, खळग्यांतून वर आलेली भुकटी मात्र दुखणं आहे. संग्रहालयांत त्याला ब्रॉन्झ डिसीज म्हणतात. लाकडी दातकोरण्याच्या टोकाने हलकेच टोचा. भुकटी सुटून आली, खाली खड्डा दिसला आणि दमट हवेत काही दिवसांत ती पुन्हा उगवली, तर नाण्याच्या आतलं कॉपर क्लोराइड जागं झालेलं आहे. असं नाणं ताबडतोब वेगळ्या हवाबंद डबीत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत, ३५ टक्क्यांपेक्षा कमी आर्द्रतेत ठेवा. हवा कोरडी ठेवली की ही क्रिया थांबते. ती कायमची संपत नाही, थांबते.

शिसं आणि शिशाचं प्रमाण जास्त असलेले मिश्रधातू यांना लाकडातून निघणारी आम्लं खातात. ओक, चेस्टनट यांसारखं लाकूड आणि एमडीएफ यांतून ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लाच्या वाफा सुटत राहतात, आणि त्यांनी शिशावर पांढरी भुकटी धरते. ती विषारी असते. हाताळल्यावर हात धुवा, फुंकर मारून उडवू नका. लोखंड, पोलाद आणि जस्ताची नाणी तेवढीच कटकटीची, त्यांना मुख्यतः पाणी नको असतं. सोनं निवांत. मात्र शुद्ध सोनं मऊ असल्याने त्याला ओरखड्यांपासून जपावं लागतं, आणि तांबं मिसळलेल्या सोन्यावर कधी कधी लालसर ठिपके येतात.

हे ढीग करतानाच दुखणाईत नाणी बाजूला काढा. ती निरोगी नाण्यांच्या पेटीत परत जाणार नाहीत.

हाताळण्याबद्दल एवढंच: नाणं कडेने धरायचं, खाली जाड मऊ कापड अंथरलेलं हवं आणि हातात पावडर नसलेले नायट्राइलचे मोजे. लेटेक्सच्या मोज्यांत गंधक असतं. सुती मोजे छायाचित्रात छान दिसतात, पण त्यांतून नाणं निसटतं आणि धागे मागे राहतात. आणि नाण्यावर वाकून बोलू नका. थुंकीचा न दिसणारा थेंब तांब्याच्या नाण्यावर काही महिन्यांनी काळा ठिपका होऊन हजर होतो.

दुसरी पायरी: प्लॅस्टिक तपासा

सर्वांत जास्त नुकसान करणारं प्लॅस्टिक म्हणजे मऊ पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्याला लवचिक करण्यासाठी तेलकट द्रव्यं मिसळतात. काळ आणि उष्णता यांनी ही द्रव्यं बाहेर झिरपतात, प्लॅस्टिक विघटित होताना हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि तांबं असलेल्या कुठल्याही नाण्यावर (चांदीच्या बहुतेक चलनी नाण्यांत तांबं असतंच) हिरवा, चिकट थर धरतो. सुरुवातीला तो नुसता धूसर तेलकटपणा वाटतो. बहुतेक जण हा टप्पाच चुकवतात.

ओळखायचं कसं? पहिली खूण हाताला आणि नाकाला: मऊ, लोळागोळा होणारं, किंचित चिकट आणि नव्या रेनकोटसारखा वास असलेलं पाकीट बाजूला ठेवा. दुसरी चाचणी पाण्याची. पाकिटाचा नखाएवढा तुकडा कापा, ग्लासभर पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, तुकडा बुडवून त्याला चिकटलेले बुडबुडे काढा आणि सोडा. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएथिलीन पाण्यापेक्षा हलकी असल्याने वर येतात, ती सुरक्षित. पीव्हीसी बुडतं. पण मायलर या नावाने मिळणारी पॉलिएस्टर फिल्म आणि कॅप्सूलचं, म्हणजे नाण्याच्या गोल पारदर्शक डबीचं, ॲक्रिलिकही बुडतं, आणि ही दोन्ही चांगली आहेत. म्हणजे तरंगलं तर निकाल पक्का. बुडालं तर अजून एक चाचणी हवी.

ती चाचणी तांब्याच्या तारेची. पक्कडीत जाड तांब्याची तार धरून ज्योतीत लाल करा, ज्योतीचा हिरवा रंग पूर्ण जाईपर्यंत. गरम तार प्लॅस्टिकच्या तुकड्याला टेकवा, थोडं प्लॅस्टिक चिकटेल. तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत ठळक हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे जवळजवळ नक्की पीव्हीसी. हे खिडकी उघडी ठेवून, अगदी लहान तुकड्यावर करा. धूर अपायकारक असतो.

अल्बमची पानंसुद्धा याच चाचण्यांतून गेली पाहिजेत. नाणं चांगल्या होल्डरमध्ये आहे म्हणून पीव्हीसीचं पान चालेल, हा गैरसमज. वाफा पुठ्ठ्यातून आणि फटींतून आत जातात.

नाण्यावर आधीच हिरवा चिकट थर दिसत असेल तर शुद्ध ॲसिटोन वापरा. नेलपॉलिश काढायच्या द्रवात रंग, सुगंध, तेल असं बरंच काही असतं, तो नको. काचेच्या वाटीत नाणं बुडेल इतका ॲसिटोन घ्या, वर काचेचं झाकण ठेवा, पंधरा-वीस मिनिटांनी द्रव बदला, असं दोन-तीनदा. चोळायचं नाही, पुसायचं नाही. शेवटच्या वाटीतून कडेने उचलून हवेत सुकू द्यायचं. आसपास ज्योत नको, खोलीत हवा खेळती हवी. पूर्ण सुकण्याआधी नाणं कॅप्सूलमध्ये टाकू नका, ॲसिटोन ॲक्रिलिक विरघळवतो. थर निघाल्यावर खाली खड्डे दिसले तर ते राहणारच. आम्लाने खाल्लेला धातू परत येत नाही. याव्यतिरिक्त साफसफाई करायचीच नाही. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, चांदी उजळायचा द्रव यांनी नाणं चकचकीत होतं आणि जाणकाराच्या नजरेतून उतरतं.

तिसरी पायरी: नाण्यागणिक होल्डर

सगळ्या संग्रहाला एकच होल्डर वापरायचा मोह होतो. टाळा. तीन-चार प्रकार लागतातच.

पुठ्ठ्याचे खिडकीवाले होल्डर हा बहुसंख्य नाण्यांसाठी आमच्या मते सर्वांत शहाणा पर्याय. दोन इंच बाय दोन इंचाचा दुमडता पुठ्ठा, मध्ये गोल खिडकी, खिडकीला पॉलिएस्टरची फिल्म. जागा कमी लागते, दोन्ही बाजू दिसतात, पुठ्ठ्यावर लिहिता येतं. खिडक्या साधारण १५ पासून ३९.५ मिलिमीटरपर्यंत अडीच-अडीचच्या टप्प्याने मिळतात. नाण्याच्या व्यासाच्या वरचं माप घ्या: २३.५ मिलिमीटरच्या नाण्याला २५ ची खिडकी. बरोबर मापाची घेतली तर कड पुठ्ठ्याखाली जाते. फार मोठी घेतली तर नाणं आत फिरतं.

हे होल्डर वाईट नसतात, ते बंद करण्याची पद्धत वाईट असते. नीट करायचं तर असं:

१. माहिती आधी लिहा. नाणं आत असताना बॉलपेन दाबलं तर अक्षरं नाण्यावर नाही तरी फिल्मवर उमटतात, आणि मऊ धातूवर दाब जातो तो वेगळाच.

२. फिल्मवरची पुठ्ठ्याची भुकटी मऊ ब्रशने झटका. हे कण नाण्याला चिकटले की पुढे त्यांचेच तपकिरी ठिपके होतात.

३. नाणं खिडकीच्या मधोमध ठेवा, पुठ्ठा दुमडा, एका हाताने कडा दाबून धरा.

४. उघड्या तीन बाजूंना स्टेपलरची एकेक पिन मारा, नाण्याच्या कडेपासून किमान ५ मिलिमीटर दूर. मोठ्या, जड नाण्याला चार पिना.

५. आता बहुतेक जण विसरतात ते काम: होल्डर उलटा करून पिनेची वळलेली टोकं सपाट तोंडाच्या पक्कडीने चेपून टाका. बोट फिरवा, टोचलं नाही पाहिजे. न चेपलेल्या पिना पेटीत शेजारच्या होल्डरची फिल्म फाडतात आणि मग त्यातल्या नाण्यावर रेघ ओढतात. पिना गंजणाऱ्या नसाव्यात, स्टेनलेस स्टीलच्या घ्या.

उघडताना घाई झाली की सगळी मेहनत वाया. पुठ्ठा ओढून फाडला तर अर्धवट सुटलेली पिन नाण्यावरून घसरते. आधी टोकं सरळ करा, पिन पूर्ण उपसून काढा, तिन्ही पिना टेबलावर मोजा आणि मगच पुठ्ठा उघडा. चिकटपट्टीने बंद होणारे होल्डरही मिळतात. ते सोयीचे, पण उष्णतेत गोंद कडेने बाहेर येतो. वर्षानुवर्षांच्या साठवणीसाठी पिनेचेच बरे.

दोन कप्प्यांची प्लॅस्टिकची घडी-पाकिटं, एका कप्प्यात नाणं आणि दुसऱ्यात चिठ्ठी, ही देवाणघेवाणीसाठी ठीक. मऊ असतील तर पीव्हीसीचा संशय घ्या. कडक पॉलिएस्टरची असतील तर रासायनिक धोका नाही, पण तोंडाची कड धारदार असते. नाणं आत सरकवताना पाकिटाचं तोंड दोन बोटांनी फाकवा.

हाताने पाडलेल्या, वेड्यावाकड्या आकाराच्या जुन्या नाण्यांना गोल खिडकी कामाची नाही. त्यांना आम्ल आणि गंधक नसलेल्या कागदाची दोन इंची पाकिटं उत्तम. नाणं दिसत नाही हा तोटा; पण अशी नाणी हातात घेऊनच पाहायची असतात, आणि कागद ओलावा अडकवून ठेवत नाही.

कॅप्सूल म्हणजे ॲक्रिलिकच्या दोन गोल झाकणांची डबी. चांगल्या स्थितीतल्या, न वापरलेल्या, उठावदार नाण्यांसाठी हाच पर्याय. इथे मापात हयगय चालत नाही. व्यास मोजायचा व्हर्नियर कॅलिपर शक्यतो प्लॅस्टिकचा घ्या. धातूचा असेल तर जबड्यात पातळ कागदाचा कपटा ठेवा आणि त्याची जाडी वजा करा. व्यास काटकोनातल्या दोन दिशांनी मोजा, मोठा आकडा धरा. जाडीही मोजा, कारण उठाव जास्त असलेलं नाणं व्यासाने बसतं पण झाकण बंद होत नाही, आणि जोर लावला तर झाकण नेमकं चित्राच्या सर्वांत उंच भागावर टेकतं. बंद झाल्यावर कॅप्सूल कानाजवळ धरून हलकेच हलवा. टिकटिक ऐकू आली तर नाणं सैल आहे. प्रत्येक हालचालीला कड घासली जाणार. मग एक माप लहान घ्या किंवा आत फोमची कडी असलेली कॅप्सूल वापरा. ही कडी पॉलिएथिलीन फोमची असावी. चुरा होणारा, दाबला की दबलेलाच राहणारा स्पंजी फोम काही वर्षांत चिकट होतो.

कॅप्सूल हवाबंद असते असं विकणारे म्हणतात. तसं नसतं. हवा हळू जाते-येते एवढंच, त्यामुळे आर्द्रतेची काळजी कॅप्सूललाही घ्यावी लागते.

एकाच प्रकारची पन्नास-शंभर नाणी असतील, आणि ती वापरलेली असतील, तर प्लॅस्टिकच्या नळ्या बऱ्या. नळी आडवी धरून नाणी एकेक करून सरकवायची. उभ्या नळीत वरून टाकलं की प्रत्येक नाणं खालच्याला ठोकर देतं. न वापरलेली नाणी नळीत घालू नका.

पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये भोकांत नाणी दाबून बसवायची असतात. मालिका पूर्ण करण्याची मजा त्यात आहे, मुलांना हा छंद लागतो तो बहुधा असाच. पण अंगठ्याचा ठसा नाण्यावर जातो, पुठ्ठा नाण्याची कड काळवंडतो आणि मागची बाजू कधी दिसतच नाही. चलनातून वेचलेल्या नाण्यांपुरताच वापरा. सरकत्या पट्ट्यांचे अल्बम यापेक्षा देखणे. दोन्ही बाजू दिसतात. त्यांचा दोष मात्र खास आहे. पट्टी आत-बाहेर करताना ती चित्राच्या उंच भागावरून, म्हणजे गालावरून आणि केसांवरून घासत जाते आणि समांतर बारीक रेघा उमटतात. उजेडात तिरकं धरलं की त्या रेघा लगेच कळतात. उपाय: पट्टी पूर्ण बाहेर काढा, मोजा घातलेल्या अंगठ्याने नाण्याची कड दाबून नाणं पानाच्या पातळीखाली बसवा, आणि मगच पट्टी परत सरकवा. नाणं वर डोकावत असेल तर तो अल्बम त्या नाण्याचा नव्हे.

उरले ते प्रमाणित नाण्यांचे सीलबंद कडक डबे, ज्यांना सगळे स्लॅब म्हणतात. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांनी ही पद्धत रूढ केली. नाण्याची अस्सलता आणि दर्जा त्यावर नोंदलेला असतो, त्यामुळे महागड्या नाण्यांसाठी तो अर्थपूर्ण. हलक्या किमतीच्या नाण्यासाठी डबाच नाण्यापेक्षा महाग पडतो. स्लॅब उघडू नका आणि एकमेकांवर घासू देऊ नका, त्यांच्यासाठी खाचांच्या पेट्या मिळतात.

चौथी पायरी: अल्बम, पेटी की ट्रे?

हा प्रश्न आवडीचा वाटतो, पण निम्मा तरी वजनाचा आहे. होल्डरच्या अल्बमच्या पानात सहसा २० कप्पे असतात. २५ ग्रॅमची २० मोठी चांदीची नाणी म्हणजे एका पानावर अर्धा किलो. अशी वीस पानं म्हणजे दहा किलो. असा अल्बम उभा ठेवला की कड्या फाकतात, पानांची भोकं फाटतात आणि पान उलटताना एकावर एक नाणी दाबली जातात. लहान, हलक्या नाण्यांसाठी अल्बम ठीक. तोही १२-१५ पानांवर थांबवायचा. जड नाण्यांना लांबट पेटी, ज्यात होल्डर कार्डांसारखे एकामागे एक उभे राहतात. पेटी गच्च भरू नका. दोन बोटं आत घालून होल्डर उचलता आला पाहिजे.

खाचांचे ट्रे पाहायला सर्वांत सुखाचे. खण ओढला की तीसचाळीस नाणी एका नजरेत. पण खण झटक्याने ओढला की सैल नाणी खाचेत सरकतात, म्हणून ट्रेमध्ये कॅप्सूलसकट ठेवता येतील अशा खाचा निवडा. जुन्या काळी लाकडी कपाटांसाठी महोगनीला पसंती होती ती उगाच नाही. त्यातून आम्ल कमी सुटतं. आज घेणार असाल तर पावडर कोटिंग केलेलं पोलादी कपाट लाकडापेक्षा निर्धास्त.

पाचवी पायरी: हवा कोरडी ठेवा

मिश्र संग्रहासाठी सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली हवी. दमट प्रदेशात सबंध खोली एवढी कोरडी ठेवणं खर्चाचं. पेटी कोरडी ठेवणं सोपं.

रबरी वायसर नसलेला, सिलिकॉन वायसरचा, घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा घ्या. सिलिका जेल किती? संग्रहालयांत प्रदर्शनपेटीसाठी घनमीटरला २० किलो हे जुनं, कामाचं प्रमाण आहे. म्हणजे लिटरला २० ग्रॅम. ४० × २५ × १० सेंटिमीटरचा डबा १० लिटरचा, त्याला २०० ग्रॅम. औषधाच्या बाटलीतली एक-दोन ग्रॅमची पुडी टाकून समाधान मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. जेल सुती किंवा जाळीदार पिशवीत भरा, नाण्यांना थेट टेकू देऊ नका. ओलावा भरला की रंग बदलणाऱ्या जेलमध्ये नारिंगी जातीचं घ्या. निळ्या जातीत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी.

रंगापेक्षा वजनकाटा खरा. कोरडी पिशवी भरली तेव्हाचं वजन तिच्यावर लिहून ठेवा. २०० ग्रॅमचे २३० झाले की वाळवायची वेळ झाली. जेल पिशवीतून काढून पातळ थरात पसरा, ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवा आणि मूळ वजन आलं की झाकणाच्या काचेच्या बरणीत थंड करा. उघड्यावर थंड केलं तर ते तेवढ्यात पुन्हा हवेतलं पाणी ओढतं.

डब्यात छोटा डिजिटल आर्द्रतामापक हवाच, पण आधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यावर इतकंच पाणी की मीठ ओलं चिखलासारखं व्हावं, विरघळू नये. झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत दहा-बारा तास ठेवा. आत आर्द्रता ७५ टक्के होते. मापक ८० दाखवत असेल तर त्याच्या आकड्यातून ५ वजा करायचे. स्वस्त मापकांत पाचसात अंकांची चूक सर्रास असते.

तिजोरीचा एक छुपा फास आहे. आगीपासून वाचवणाऱ्या तिजोरीच्या भिंतींत पाणी धरून ठेवणारं भरण असतं. आगीत त्याची वाफ होऊन आतलं तापमान रोखलं जातं. पण एरवीही तो ओलावा आत झिरपतो आणि बंद तिजोरी बाहेरच्या खोलीपेक्षा दमट निघते. नाणी तिजोरीत जरूर ठेवा, मात्र वर सांगितलेल्या हवाबंद डब्यात घालून. आणि थंड जागेतून उबदार खोलीत आणलेला डबा लगेच उघडू नका. तासदोन तास तसाच राहू द्या, नाहीतर नाण्यांवर दव धरतं.

सहावी पायरी: मांडणी

काचपेटी काच आणि धातूची असेल तर निम्म्या चिंता मिटतात. नवं प्लायवुड, एमडीएफ, ताजा रंग आणि ताजं वॉर्निश यांपासून दूर राहा. रंगवलेली पेटी किमान तीन-चार आठवडे उघडी ठेवून वास पूर्ण गेल्यावरच वापरा. लाकडी पेटीच हवी असेल तर आतून ॲल्युमिनियमचा थर असलेली फिल्म लावा. नुसत्या वॉर्निशने आम्लाच्या वाफा अडत नाहीत.

नाण्यांखाली अंथरायचं कापड ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. लोकर आणि नमदा बाद. रंग सुटणारी मखमल बाद. न रंगवलेलं, स्वच्छ धुतलेलं सुती कापड, पॉलिएस्टर किंवा पॉलिएथिलीन फोम चालेल. खात्री नसेल तर संग्रहालयांची चाचणी घरगुती रूपात करता येते. ब्रिटिश म्युझियममधले अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या या चाचणीत तपासायच्या मालाचा नमुना, शिवाय चांदी, तांबं आणि शिसं यांचे घासून लख्ख केलेले तुकडे आणि थोडं पाणी काचेच्या बंद नळीत ६० अंशांवर २८ दिवस ठेवतात. घरी दोन काचेच्या बरण्या घ्या. दोन्हींत धातूचे तसेच तुकडे आणि लहान झाकणात ओला कापूस. एकीत शिवाय कापडाचा तुकडा, धातूला न टेकणारा. झाकणं लावून उबदार जागी महिनाभर ठेवा. कापडाच्या बरणीतला धातू दुसरीपेक्षा जास्त काळवंडला, तर कापड परत करा. घरच्या चाचणीत फक्त धडधडीत वाईट माल पकडला जातो, पण बाजारात तोच जास्त असतो.

नाणी चिकटवायची नाहीत. डिंक, दुतर्फी पट्टी, भिंतीवर कागद लावायची मऊ पुटीन, काहीच नाही. पुटीनचा तेलकट डाग धातूवर राहतो. १० मिलिमीटर जाडीच्या पॉलिएथिलीन फोममध्ये कॅप्सूलच्या व्यासापेक्षा एक मिलिमीटर लहान भोक कापा आणि कॅप्सूल दाबून बसवा. उभ्या चौकटीतही ती पडत नाही. भोक कातरीने कापू नका. वापरून फेकायच्या पात्याच्या चाकूने, धातूचा गोल साचा ठेवून, दोन-तीन हलक्या फेऱ्यांत कापलं की कड स्वच्छ येते. मागची बाजू दाखवायची असेल तर आरपार भोक आणि दोन्हीकडे काच, किंवा नाण्याखाली तिरका आरसा. सपाट पेटी प्रेक्षकाकडे १५ ते ३० अंश कललेली असावी. आडव्या पेटीच्या काचेत छताचा दिवाच जास्त दिसतो.

उजेडाने धातूला फारसं काही होत नाही, पण चिठ्ठ्या फिकट होतात, कापडाचा रंग उडतो आणि दिव्याच्या उष्णतेने पेटीतल्या सगळ्या वस्तूंच्या वाफा वाढतात. म्हणून एलईडी, तोही पेटीबाहेर, आणि त्याचा ट्रान्सफॉर्मरही बाहेर. दिवा डोक्यावर नको. एका बाजूने ३०-४५ अंशांवरून उजेड आला की अक्षरांच्या आणि चेहऱ्याच्या सावल्या पडतात आणि झिजलेलं नाणंसुद्धा वाचता येतं. दोन्ही बाजूंनी सारखा उजेड टाकला की उठाव सपाट होऊन जातो. चांदीला मागे गडद करडा रंग खुलतो, तांब्याला फिका.

भिंतीवर चौकट लावणार असाल तर बाहेरची भिंत, न्हाणीघराची सामाईक भिंत आणि स्वयंपाकघर टाळा. खिडकीतून बाहेरच्याला दिसेल अशी जागाही टाळा. फार मोलाच्या नाण्याच्या जागी त्याचं मोठं छायाचित्र लावलं तर काही बिघडत नाही. बारकावे त्यातच जास्त दिसतात.

सातवी पायरी: नोंद आणि फेरतपासणी

प्रत्येक नाण्याला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक होल्डरवर, वहीत आणि छायाचित्राच्या नावात वापरा. नाण्यावर काहीही चिकटवू नका. नोंदीत वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत, व्यास, धातू, कुठून आणि कधी मिळालं, आणि सध्या कोणत्या पेटीत आहे हे हवं. शेवटची बाब पेन्सिलने लिहा, कारण ती बदलत राहते. दोन्ही बाजूंची छायाचित्रं आणि नोंदीची प्रत घराबाहेर दुसरीकडे ठेवा; चोरीनंतर ओळख पटवायला वजन आणि छायाचित्र यांचाच आधार असतो.

नव्याने आलेलं नाणं लगेच संग्रहात मिसळू नका, महिनाभर वेगळ्या डबीत राहू द्या. बाकी संग्रह तीन महिन्यांतून एकदा, ५ ते १० पट भिंगाखाली, होल्डरमधून न काढता पाहायचा: फिल्मच्या आतून धूसरपणा, कडेला हिरवटपणा, पिनेभोवती तपकिरी वर्तुळ, शिशावर पांढरेपणा. संशयित नाण्याचं छायाचित्र पहिल्या वेळी घेतलं होतं त्याच कोनातून आणि त्याच दिव्यात घ्या. उजेड बदलला की चांदीचा रंग बदलल्यासारखा भासतो आणि ठणठणीत नाणं विनाकारण ॲसिटोनमध्ये जातं.